मद्यासक्ती : मेंदूची यंत्रणा आणि शहाद्याचे दारूविरोधी आंदोलन

मद्यासक्ती म्हणजे दारू पिण्यावरचा ताबा सुटण्याचा दीर्घकालीन आजार. शरीर, संसार आणि कमाई यांची हानी डोळ्यांसमोर दिसत असूनही पिणे थांबवता न येणे, हे त्याचे मुख्य लक्षण. मेंदूत सुख अनुभवण्याची आणि अनुभवातून शिकण्याची जी यंत्रणा असते, तिच्यात झालेल्या बदलांमुळे हा आजार जडतो. हे बदल माणसाच्या भोवतालाशी जोडलेले असतात. त्या भोवतालालाच हात घालणारे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे आदिवासी स्त्रियांनी 1972-73 मध्ये शहादा तालुक्यात (आता जिल्हा नंदुरबार, तेव्हा धुळे) केलेले दारूविरोधी आंदोलन.

सुखाचे मंडल : कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर यांनी 1954 मध्ये उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवल्या. कळ दाबली की मेंदूच्या ठरावीक भागाला विजेची सौम्य चेतना मिळे. उंदीर ती कळ पुन्हा पुन्हा दाबत राहिले. अन्न, पाणी, समागम अशा जगण्याला आवश्यक गोष्टींकडे प्राण्याला ओढणाऱ्या मंडलाचा शोध या प्रयोगातून सुरू झाला. मध्यमेंदूतील चेतापेशी न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बेन्स आणि ललाट खंड या भागांकडे डोपामीन हे रसायन पोहोचवतात. हा या मंडलाचा मुख्य मार्ग होय.

डोपामीनला सुखाचे रसायन म्हणतात, पण त्याचे खरे काम ओढ निर्माण करण्याचे आहे. वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या प्रयोगांत माकडांना अनपेक्षितपणे फळांचा रस मिळाला की डोपामीनच्या पेशी जोमाने चेतत. रसाआधी दिवा लागतो हे माकडे शिकली, तेव्हा त्याच पेशी दिवा लागताच चेतू लागल्या आणि रस मिळताना शांत राहिल्या. केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन यांनी 1993 मध्ये मांडले, की हवेसे वाटणे आणि आवडणे या मेंदूतील दोन वेगळ्या प्रक्रिया आहेत. व्यसनात पहिली वाढत जाते, दुसरी वाढत नाही. दारूत आता मजा उरली नाही असे सांगणारा माणूसही संध्याकाळी गुत्त्याकडे वळतो, ते यामुळे.

दारूचा परिणाम : दारू मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचे काम वाढवते, चेतवणाऱ्या ग्लुटामेटचे काम दाबते आणि एंडॉर्फिन व डोपामीनचा स्राव वाढवते. रोजच्या पिण्याला मेंदू जुळवून घेतो. मग तेवढ्याच नशेसाठी जास्त दारू लागते आणि ती अचानक तोडली, तर हातापायांना कंप, झोप उडणे, झटके, भ्रम असा त्रास होतो; प्रसंगी तो जिवावर बेततो. स्वतःला आवरणारा ललाट खंडही दुबळा होतो. या आजाराच्या जोखमीत आनुवंशिकतेचा वाटा सुमारे निम्मा असतो, उरलेला परिस्थितीचा.

शहाद्याचे आंदोलन : सातपुडा आणि तापी यांच्यामधल्या या सुपीक पट्ट्यात भिल्लांच्या जमिनी मोठ्या शेतमालकांकडे गेल्या आणि मूळ मालक सालदार व मजूर झाले. मोहाची दारू देवाला वाहण्याची, लग्नकार्यात पिण्याची भिल्लांची जुनी रीत आहे. गुत्त्यावर रोज विकत मिळणाऱ्या दारूने मात्र मजुरी गिळली आणि घरोघरी बायकांना मारहाण वाढवली. तळोदा भागातील मोरवडचे गुला महाराज (मृत्यू 1938) यांनी आप पंथातून दारू सोडण्याची शिकवण आधीच रुजवली होती. पुढे अंबरसिंग सुरतवंती यांच्या नेतृत्वाखाली जमिनीचा लढा उभा राहिला आणि 1972 मध्ये श्रमिक संघटना स्थापन झाली. संघटनेच्या शिबिरांत बोलत्या झालेल्या स्त्रियांनी दारूचा प्रश्न स्वतःच्या हाती घेतला. त्या गावोगाव मोर्चाने गेल्या, भट्ट्या मोडल्या, दारूची मडकी फोडली आणि बायकोला मारणाऱ्यांना जाब विचारला.

मेंदूविज्ञानाच्या दृष्टीने या कृतीचे मोल मोठे आहे. तलफ उठते ती गुत्ता, वास, सोबती, ठरलेली वेळ अशा खुणांमुळे. दारू सोडून वर्षे झाली तरी या खुणा ओढ जागी करू शकतात. गुत्ता बंद झाला की त्यांतली मोठी खूण वाटेतून दूर होते. ली रॉबिन्स यांनी 1970 च्या दशकात व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांचा अभ्यास केला. तिथे हेरॉइनच्या आहारी गेलेले बहुतेक सैनिक मायदेशी आल्यावर व्यसनापासून दूर राहिले. भोवताल बदलला की व्यसनाची पकड सैल होऊ शकते, याचा हा भक्कम पुरावा मानला जातो.

उपचार : गुत्ता बंद झाल्याने आजारी मेंदू आपोआप बरा होत नाही. दारू तोडताना डॉक्टरांची देखरेख आणि थायमिन (ब-1 जीवनसत्त्व) लागते. नालट्रेक्झोन हे औषध एंडॉर्फिनचा परिणाम रोखून तलफ कमी करते. समुपदेशन आणि कुटुंबाची साथ तितकीच आवश्यक. अनिल आणि अनिता अवचट यांनी 1986 मध्ये पुण्यात सुरू केलेले मुक्तांगण या कामातील अग्रणी केंद्र आहे. गोव्यात प्रशिक्षित बिगर-डॉक्टर समुपदेशकांनी दिलेल्या थोडक्या सत्रांनीही घातक मद्यपान कमी होते, असे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले.

भारतात 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार सुमारे 16 कोटी लोक दारू पितात आणि त्यांतील 5.7 कोटींना मदतीची गरज आहे. व्यसनी माणसाला दोष देत बसण्यापेक्षा त्याला दवाखान्यात नेणे आणि गावातील गुत्ता बंद करणे, ही दोन्ही कामे बरोबरीने व्हायला हवीत. मदतीसाठी केंद्र शासनाची 14446 ही निःशुल्क दूरध्वनी सेवा उपलब्ध आहे.