खाटेजवळची शेवटची तपासणी

रुग्णालयातल्या औषधांच्या चुका म्हटले की डॉक्टरांचे न लागणारे अक्षर आठवते. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने मात्र आधी रुग्णाच्या खाटेपाशी येऊन थांबावे. डेव्हिड बेट्स आणि सहकाऱ्यांनी बॉस्टनमधील रुग्णालयांच्या अभ्यासात १९९५ साली दाखवून दिले, की औषध लिहून देताना झालेल्या चुकांपैकी ४८ टक्के वेळीच अडवल्या गेल्या. प्रत्यक्ष औषध देताना झालेल्यांपैकी एकही नाही. लिहिलेले फार्मासिस्ट पाहतो, परिचारिका पाहते. परिचारिकेच्या हातात गोळी आली की पुढे पाहायला कुणीच नसते. खाटेजवळ औषध ताडून पाहण्याच्या या विद्याशाखेचा जन्म या एकटेपणातून झाला आहे.

उपाय सुचला तोही एका परिचारिकेलाच. अमेरिकेत कॅन्सस राज्यातील टोपेका येथे माजी सैनिकांच्या रुग्णालयात काम करणाऱ्या स्यू किनिक यांनी १९९२ साली भाड्याची मोटार परत करताना तिथल्या कर्मचाऱ्याच्या हातातला स्कॅनर पाहिला. मोटारीची नोंद इतकी बिनचूक होते, मग औषधाची का नाही, हा त्यांचा प्रश्न. पुढे माजी सैनिकांच्या रुग्णालयांच्या देशभरच्या जाळ्यात बारकोड स्कॅन करून औषध देण्याची पद्धत रुजली. आधी रुग्णाच्या मनगटावरचा पट्टा स्कॅन करायचा, मग औषध. संगणक दोन्ही डॉक्टरांच्या आदेशाशी ताडून पाहतो. रुग्ण, औषध, मात्रा किंवा वेळ जुळली नाही तर इशारा मिळतो. आदेशच चुकीचा असेल, तर मात्र तीच चूक यंत्र बिनबोभाट पुढे जाऊ देईल. ही मर्यादा पहिल्या दिवसापासून लक्षात असू द्यावी.

उपयोग होतो का? एरिक पून यांच्या २०१० सालच्या अभ्यासात वेळेच्या चुका वगळता औषध देतानाच्या चुका ११.५ टक्क्यांवरून ६.८ टक्क्यांवर आल्या. हे यश मोठेच आहे. तरी मला अधिक मोलाचे वाटते ते रॉस कोपेल यांचे २००८ सालचे काम. परिचारिका स्कॅनिंगला कशा पळवाटा काढतात, हे त्यांनी वॉर्डात जाऊन पाहिले. रुग्णाच्या पट्ट्याची जादा प्रत दाराच्या चौकटीला चिकटवलेली, औषधांच्या गाडीला लावलेली, कमरेच्या कडीत अडकवलेली! वाचून राग येतो. पण कारणे वाचा: चुरगळलेला कोड, संपलेली बॅटरी, तुटणारे वायरलेस, तातडीचा रुग्ण. दोष देण्याआधी वॉर्ड पाहावा लागतो, हा धडा मी प्रत्येक विद्यार्थ्याला देऊ इच्छितो.

आपल्याकडे भारतात १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० औषधब्रँडांच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला. त्याचा हेतू औषधाची सत्यता पडताळण्याचा. खाटेजवळच्या तपासणीचा नव्हे. शिवाय स्ट्रिप कात्रीने कापली की सुट्या गोळीसोबत कोड जाईलच असे नाही, कधी नाव आणि मुदतही मागे राहते. प्रत्येक मात्रेला स्वतःची ओळख मिळत नाही, तोवर महागडे स्कॅनर घेणे हा उलटा क्रम आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अभियंते, फार्मासिस्ट, परिचारिका, प्रशासक, साऱ्यांना इथे भरपूर काम आहे. पुढची प्रकरणे वाचण्याआधी एवढे करा: एखाद्या वॉर्डातल्या सिस्टरांची परवानगी घ्या आणि औषधवाटपाची एक फेरी, मध्ये न बोलता, पूर्ण पाहा.