अरुणा शानबाग खटला : जो बोलू शकत नाही, त्याच्या वतीने कोणी बोलावे?

१/ ७ मार्च २०११. सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने भारतात निष्क्रिय दयामरणाला प्रथमच कायदेशीर वाट मिळाली. मात्र जिच्या नावाने हा निकाल ओळखला जातो, तिच्यासाठी केलेली विनंती त्याच निकालात फेटाळली गेली. असे का घडले? आजचा थ्रेड त्याविषयी.

२/ अरुणा शानबाग मूळच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील हळदीपूरच्या. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात त्या परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथीलच एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने त्यांचा गळा आवळून अत्याचार केला. मेंदूचा प्राणवायू तुटला. तेव्हा त्यांचे वय अवघे २५ होते.

३/ आरोपीला शिक्षा झाली ती जबरी चोरी आणि खुनाचा प्रयत्न या गुन्ह्यांसाठी, सात वर्षांची. लैंगिक अत्याचाराचा आरोप ठेवलाच गेला नव्हता. तो शिक्षा भोगून बाहेर पडला. अरुणा मात्र वॉर्ड क्रमांक ४ लगतच्या खोलीतच राहिल्या.

४/ त्यांच्या अवस्थेला वैद्यकशास्त्रात नाव मिळून तेव्हा जेमतेम दीड वर्ष झाले होते. १९७२ मध्ये ब्रायन जेनेट आणि फ्रेड प्लम यांनी ‘लॅन्सेट’मध्ये ‘पर्सिस्टंट व्हेजिटेटिव्ह स्टेट’ ही संज्ञा मांडली. अशा रुग्णाचे डोळे उघडतात, झोप आणि जाग यांचे चक्र चालते, श्वासही आपोआप चालतो. पण स्वतःची वा भोवतालची जाणीव असल्याचे चिन्ह दिसत नाही.

५/ यातून उभा राहणारा नैतिक पेच जगात दोन टप्प्यांनी पुढे सरकला. १९७६ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने कॅरन क्विन्लन हिचे श्वसनयंत्र काढण्याची परवानगी तिच्या वडिलांना दिली. यंत्र काढल्यावरही ती स्वतः श्वास घेत राहिली आणि १९८५ पर्यंत जगली. तिला नळीने अन्न दिले जात होते. ते मात्र कोणी थांबवले नाही.

६/ दुसरा टप्पा इंग्लंडमधला. १९८९ च्या हिल्सबरो दुर्घटनेत चेंगरलेला टोनी ब्लँड तेव्हा किशोरवयीन होता. १९९३ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने नळीवाटे दिले जाणारे अन्न हा उपचाराचाच भाग ठरवला. रुग्णाच्या हिताचा नसेल, तर तो थांबवणे बेकायदा नाही. प्राणघातक इंजेक्शन देणे मात्र गुन्हाच राहिला. ‘सक्रिय’ आणि ‘निष्क्रिय’ दयामरणातील सीमारेषा ती हीच.

७/ आता पुन्हा परळ. अरुणांना श्वसनयंत्राची गरज नव्हती. वर्षानुवर्षे केईएमच्या परिचारिका त्यांना मऊ केलेले अन्न भरवत, न्हाऊ घालत, कूस बदलत. नव्या परिचारिका येत, जुन्या निवृत्त होत. सेवा खंडित झाली नाही. इतक्या वर्षांत त्यांना शय्याव्रण झाले नाहीत, याची दखल न्यायालयानेही घेतली.

८/ १९९८ मध्ये अरुणांवर पुस्तक लिहिणाऱ्या पत्रकार पिंकी विराणी यांनी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. मागणी होती, अन्न भरवणे थांबवावे आणि त्यांना शांतपणे जाऊ द्यावे. हे जगणे प्रतिष्ठेचे नाही, केवळ लांबवलेले मरण आहे, असा त्यामागचा विचार.

९/ रुग्णालयाचे म्हणणे नेमके उलट होते. तिला जगवण्याची आमची इच्छा आहे, आम्ही थकलेलो नाही. येथे तत्त्वाचा पेच हातातल्या चमच्यापाशी येऊन थांबतो. नळी हा उपचार मानता येईल. पण माणसाने माणसाला भरवलेला घास हाही उपचारच का?

१०/ न्या. मार्कंडेय काट्जू आणि न्या. ज्ञानसुधा मिश्रा यांच्या खंडपीठाने तीन डॉक्टरांकडून तपासणी करवली आणि मग निर्णायक प्रश्न विचारला : अरुणांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणाचा? आईवडील हयात नव्हते. विराणी यांच्या तळमळीचा न्यायालयाने गौरव केला; पण अरुणांच्या खऱ्या ‘नेक्स्ट फ्रेंड’, म्हणजे त्यांच्या हितासाठी बोलणाऱ्या, केईएमच्या कर्मचाऱ्यांनाच मानले.

११/ म्हणून याचिका फेटाळली गेली. त्याच वेळी इतर रुग्णांसाठी पद्धत घालून दिली गेली : नातेवाईक, निकटवर्तीय वा डॉक्टरांनी उच्च न्यायालयात जावे, तीन डॉक्टरांचे मत घ्यावे, किमान दोन न्यायमूर्तींनी निर्णय द्यावा. केईएमच्या कर्मचाऱ्यांचे मत पुढे बदलल्यास त्यांनाही मुंबई उच्च न्यायालयाचे दार खुले ठेवले.

१२/ मत बदलले नाही. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणांचे निधन झाले. हल्ल्याला ४१ वर्षे उलटून गेली होती.

१३/ या निकालाकडे पाहताना एक पोकळी जाणवते. लेखिकेची करुणा खरी, परिचारिकांची निष्ठाही खरी. पण २५ वर्षांच्या अरुणाला स्वतःला काय हवे असते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. सेवा करणाऱ्याला निर्णयाचा अधिकार देणे माणुसकीचे वाटते; तरी सेवा करणाऱ्याची इच्छा आणि रुग्णाची इच्छा एकच असेल, असे गृहीत धरता येत नाही.

१४/ ही पोकळी भरण्याचा प्रयत्न ९ मार्च २०१८ रोजी झाला. ‘कॉमन कॉज’ खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने प्रतिष्ठेने मरण्याचा हक्क अनुच्छेद २१ मधील जीवनाच्या हक्काचाच भाग मानला आणि ‘लिव्हिंग विल’ला, म्हणजे शुद्धीत असताना लिहून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्राला, मान्यता दिली.

१५/ सुरुवातीची प्रक्रिया फार किचकट होती. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सुलभ केली. आता न्यायदंडाधिकाऱ्याऐवजी नोटरी वा राजपत्रित अधिकाऱ्यापुढे, दोन साक्षीदारांच्या उपस्थितीत हा दस्तऐवज करता येतो. सक्रिय दयामरण आजही बेकायदा आहे.

१६/ मित्रहो, इच्छापत्र म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वार्धक्य येते. अरुणा २५ वर्षांच्या होत्या, क्विन्लन २१ ची, ब्लँड त्याहून लहान. अठरा वर्षे पूर्ण झालेली कोणतीही सज्ञान व्यक्ती आज हा दस्तऐवज करू शकते. उपचार थांबवावेत की चालू ठेवावेत, याचे एकच उत्तर सर्वांना लागू पडणार नाही. पण आपले उत्तर काय, हे निदान घरच्यांना सांगून ठेवणे आपल्या हाती आहे. अरुणांना ती संधी मिळाली नव्हती.