वेदनेचे खाते

मध्य प्रदेशाच्या बालाघाट जिल्ह्यातील लामता हे बालाघाट-नैनपूर लोहमार्गावरील गाव. जिल्हा धानाचा. पावसाळ्यात रोवणी लागली म्हणजे बायामाणसे दिवसभर चिखलात वाकून पऱ्हे लावतात. हंगाम सरतो, पाठीचा ठणका मात्र अनेकींच्या बाबतीत सरत नाही. ताप आला तर औषधाचा खर्च घरच्या हिशेबात येतो. पण पाठदुखीपायी चार दिवसांची रोजी बुडाली, अथवा दिवसभराच्या जागी अर्ध्याच दिवसाचे काम झाले, तर ती तूट कोणत्याही वहीत चढत नाही.

वेदनेचा हिशेब न ठेवण्याची ही रीत जुनी आहे. वैद्यकशास्त्राने दीर्घकाळ वेदनेला रोगाची वर्दी देणारा दूत मानले. त्यामुळे खर्च मांडला गेला तो रोगाच्या नावे. कायद्याची दृष्टीही फारशी निराळी नव्हती. १९२३ साली कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा झाला. कोणता अवयव गेला असता कमाईची शक्ती शेकडा किती घटली, याची यादीच त्याच्या परिशिष्टात होती. भरवेलीच्या मँगनीज खाणीत राबणाऱ्या मजुरासारख्याला हा मोठाच आधार होय. परंतु अवयव शाबूत आणि दुखणे कायम, अशा माणसासाठी त्या यादीत रकाना नव्हता.

हा रकाना भरला असता काय दिसते, हे गॅस्किन आणि रिचर्ड या दोन संशोधकांनी २०१२ साली अमेरिकेपुरते दाखविले. २०१० सालच्या किमतींनुसार वेदनेपायी त्या देशाला वर्षास ५६० ते ६३५ अब्ज डॉलरांचा भुर्दंड पडत होता. त्याच्याशी ताडून पाहता हृदयविकाराचा आकडा ३०९ अब्ज, कर्करोगाचा २४३ अब्ज आणि मधुमेहाचा १८८ अब्ज होता. कर्करोग्याची वेदना दोन्ही खात्यांत येऊ शकते, म्हणून ही तुलना सावधपणे वाचावयास हवी; तरीही तिचे मर्म उरतेच. वेदनेच्या आकड्यातील निम्म्याहून अधिक भाग औषधोपचाराचा नसून बुडालेल्या कामाचा होता, आणि त्यातही सर्वांत मोठा वाटा रजेचा नव्हे, तर घटलेल्या मजुरीचा होता. माणूस कामावर जातो, परंतु पूर्वीइतके मिळवीत नाही. हृदयविकाराचा घाव एकाएकी पडतो. वेदना वर्षानुवर्षे व्याज वसूल करीत राहते.

जे मोजले जात नाही, त्याची तरतूदही होत नाही. ज्या अफूपासून मॉर्फिन निघते, तिची परवान्याने लागवड याच मध्य प्रदेशातील मंदसौर-नीमच भागात होते. तथापि १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यानंतर परवान्यांची कटकट इतकी वाढली की, कर्करोगाने तळमळणाऱ्या रुग्णालाही ते औषध मिळणे दुरापास्त झाले. व्यसनाचा धोका खरा होता, म्हणून तो मोजला गेला. रुग्णाची तळमळ मात्र मोजावयाची राहिली. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन ही वाट काहीशी मोकळी झाली.

पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या नव्या वर्गीकरणात तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या वेदनेला स्वतंत्र स्थान मिळाले. हे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून अमलात आले. अर्थात, जिनिव्हात खाते उघडले म्हणून लामत्याच्या बांधीत त्याची नोंद आपोआप होत नाही. रोवणीहून परतलेल्या बाईला दवाखान्यात ‘कोठे दुखते?’ असे विचारले जातेच. ‘किती दिवसांपासून दुखते, आणि त्यापायी किती रोजी बुडाली?’ हे दोन प्रश्न त्याला जोडून विचारले गेले आणि उत्तरे वहीत उतरली, म्हणजे तिचेही खाते उघडले असे म्हणता येईल.