खिळ्यांचे घर

ग्रंथाचा इतिहास लिहिताना आपण लेखकाकडे पाहतो, प्रकाशकाकडे पाहतो, फार तर मुद्रकाकडे पाहतो. मुद्रकाने आपले धातूचे खिळे कोठे आणि कसे ठेवले, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला सहसा पडत नाही. आम्हालाही तो पडला नव्हता. तो पडण्याचे कारण अगदी घरगुती आहे, आणि ते सांगूनच सुरुवात करणे सोयीचे होईल.

आमच्या गावातील एक जुना छापखाना काही वर्षांपूर्वी बंद झाला. यंत्रे आधीच विकली गेली होती. उरल्या होत्या त्या खिळ्यांनी भरलेल्या चौदा केसी. (केस म्हणजे खिळे ठेवण्याचे उथळ, अनेक खणांचे लाकडी तबक.) त्या किलोच्या भावाने भंगारात जाणार, असे कळल्यावर आम्ही दोघांनी पदरचे पैसे घालून त्या घेतल्या. महाविद्यालयात जागा मिळेना, तेव्हा आमच्यापैकी एकाच्या घरच्या गॅरेजमध्ये त्यांची सोय केली. पुस्तकांसाठी केलेली प्लायवूडची मांडणी रिकामी होती. तिच्यावर केसी रचून ठेवल्या. पुस्तके आणि खिळे यांच्या वजनात किती अंतर असते, हे मराठीच्या प्राध्यापकांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पंधरा दिवसांत फळ्या वाकल्या आणि एका रात्री दोन केसी जमिनीवर आल्या. सकाळी पाहतो तो काना, मात्रा, वेलांट्या, अर्धे स आणि पूर्ण क यांचा एकच ढीग झालेला.

मग गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याला बोलावले. त्याने एक केस उचलून पाहिली, आमच्याकडे पाहिले आणि लोखंडी अँगलची चौकट करावी लागेल असे सांगितले. त्याने जी रॅक केली तिची तत्त्वे साधी होती. प्रत्येक केस आपल्या दोन कडांवर, स्वतंत्र पट्ट्यांवर टेकलेली असावी; म्हणजे एकीचे वजन दुसरीवर येत नाही. चौकट भिंतीला बोल्टने जखडलेली असावी. म्हणजे भरलेली केस पुढे ओढली तरी रॅक पुढे कलत नाही. सर्वांत खालची केस जमिनीपासून वीतभर उंच असावी; म्हणजे पावसाळ्यातील ओल लाकडाला लागत नाही. रोज लागणाऱ्या केसी कमरेच्या उंचीवर असाव्यात. पुढे मुद्रणाविषयी वाचू लागलो तेव्हा लक्षात आले की, त्या कारागिराने दोन तासांत सांगितलेले हे शहाणपण युरोपातील छापखान्यांत काही शतके मुरलेले होते. इंग्रजीतील मोठ्या आणि लहान अक्षरांना ‘अपर केस’ आणि ‘लोअर केस’ ही नावे पडली, तीदेखील अशाच मांडणीमुळे. जुळाऱ्यापुढच्या उतरत्या चौकटीवर एक केस वर असे आणि एक खाली. कचित लागणारी मोठी अक्षरे वरच्या केसमध्ये आणि सतत लागणारी लहान अक्षरे हाताजवळच्या खालच्या केसमध्ये असत.

वजनाची गोष्टही नीट समजून घेण्याजोगी आहे. खिळे मुख्यतः शिशाचे; त्यात कठीणपणासाठी अँटिमनी आणि नीट ओतले जावे म्हणून कथील. मुद्रकांचा एक ढोबळ हिशेब असा की, चार चौरस इंच जुळवलेल्या मजकुराचे वजन सुमारे एक पौंड भरते. चार इंच रुंद आणि सहा इंच उंच मजकुराचे एक पान म्हणजे सहा पौंड. शंभर पानांचे पुस्तक जुळवून तसेच उभे ठेवायचे तर सहाशे पौंड धातू अडकून पडतो. म्हणून काही पाने छापून झाली की ती सोडवायची आणि एकेक खिळा आपल्या खणात परत टाकायचा, हा जुन्या छापखान्याचा नित्यक्रम होता.

या नित्यक्रमाचा साहित्याशी काय संबंध? पाठचिकित्सा शिकवताना आपण लेखनिकाच्या चुका सांगतो. सारखी दिसणारी अक्षरे, सारखे ऐकू येणारे उच्चार आणि एका शब्दावरून दुसऱ्यावर घसरलेली नजर ही त्यांची कारणे. खिळे जुळवणाऱ्याच्या चुकांना आणखी एक कारण असते. परत टाकताना शेजारच्या खणात पडलेला खिळा पुढच्या पुस्तकात चुकीच्या जागी उमटतो. तेथे दोन अक्षरांत ना रूपाचे साम्य असते ना ध्वनीचे. साम्य असते ते शेजाराचे. पानांचे ठसे धातूत ओतून ठेवलेले नसतील, तर पुनर्मुद्रण म्हणजे पुन्हा नव्याने जुळणी, आणि म्हणून नव्या चुका. आपल्याकडील जुन्या ग्रंथांच्या दोन आवृत्त्या ताडून पाहताना जे फरक आपण लेखकाच्या पुनर्विचाराच्या खात्यावर टाकतो, त्यांतील काही तरी खणांच्या खात्यावर टाकावे लागतील.

आता घरात खिळे ठेवण्याचे एक प्रसिद्ध उदाहरण पाहू. 1917 साली लेनर्ड आणि व्हर्जिनिया वूल्फ यांनी एक लहान हातयंत्र आणि काही खिळे विकत घेतले. सारा खर्च एकोणीस पौंड, पाच शिलिंग आणि पाच पेन्स झाला. मुद्रणशाळेने त्यांना प्रवेश नाकारला होता, कारण ते शिक्षण धंद्यातील उमेदवारांसाठी राखीव होते. तेव्हा एका छोट्या पुस्तिकेवरून ही दोघे शिकली. लंडनजवळच्या रिचमंड येथील हॉगर्थ हाऊस या राहत्या घरी, जेवणाच्या खोलीत हा छापखाना थाटला गेला. लेनर्ड यांचे हात कापत असल्यामुळे जुळणी व्हर्जिनिया करीत आणि यंत्र लेनर्ड चालवीत. खिळे खणांत लावण्याच्या अगदी पहिल्या दिवसांतच व्हर्जिनिया यांनी एच आणि एन या अक्षरांची सरमिसळ करून ठेवली, असे त्यांनी बहिणीला पत्रातून कळवले आहे. आमच्या ढिगासमोर बसलेले असताना हे वाचून आम्हाला थोडा धीर आला, हे मान्य केले पाहिजे.

त्याच वर्षी जुलैमध्ये ‘टू स्टोरीज’ हे दीडशे प्रतींचे पुस्तक निघाले. त्यात दोघांची एकेक कथा होती. 1918 मध्ये कॅथरीन मॅन्सफील्ड यांची ‘प्रेल्यूड’ आली आणि 1919 मध्ये ‘क्यू गार्डन्स’ व टी. एस. एलियट यांच्या कविता आल्या. 1920 मध्ये होप मर्लीस यांची ‘पॅरिस’ ही मुद्रणाच्या दृष्टीने अवघड दीर्घ कविता आणि 1923 मध्ये ‘द वेस्ट लँड’ची इंग्लंडमधील पहिली पुस्तकरूप आवृत्ती निघाली. या शेवटच्या पुस्तकाचे खिळे व्हर्जिनिया यांनी स्वतः जुळवले होते. या यादीत एक गोष्ट सहज दिसते: सारे आखूड आहे. लघुकथा, कविता, फार तर सत्तरेक पानांची दीर्घकथा. 1922 मध्ये ‘जेकब्ज रूम’ ही कादंबरी काढायची वेळ आली तेव्हा छपाई एडिंबरोच्या व्यावसायिक मुद्रकाकडे द्यावी लागली. जेवणाच्या खोलीत मावतील एवढे खिळे म्हणजे त्या खोलीत मावेल एवढे साहित्य. इंग्रजी आधुनिकतेचे सारे श्रेय खिळ्यांना द्यावे असे आम्ही म्हणत नाही. परंतु संपादकाची मर्जी न सांभाळता लिहिण्याचे जे स्वातंत्र्य व्हर्जिनिया यांना लाभले आणि ज्याविषयी 1925 च्या दैनंदिनीत त्यांनी समाधान व्यक्त केले, ते स्वातंत्र्य धातूच्या लहानशा साठ्यावर उभे होते, हे विसरता येत नाही.

साठा ज्याच्या हाती, छापणे त्याच्या हाती, याचे दुसरे टोक त्याच काळात, लंडनमध्येच दिसते. हॅमरस्मिथ येथील डव्ह्ज प्रेस या नामांकित छापखान्याचे टी. जे. कॉब्डन-सँडरसन आणि एमरी वॉकर हे दोन भागीदार वेगळे झाले. कॉब्डन-सँडरसन यांच्या मृत्यूनंतर खिळे वॉकर यांच्याकडे जावेत असा करार होता. ते जाऊ नयेत म्हणून म्हाताऱ्या कॉब्डन-सँडरसन यांनी ऑगस्ट 1916 ते जानेवारी 1917 या काळात, अंधार पडल्यावर हॅमरस्मिथच्या पुलावरून सारे खिळे थेम्स नदीत फेकले. एक टनाहून अधिक धातू होता आणि त्यासाठी सुमारे एकशे सत्तर खेपा झाल्या. 2014 मध्ये पाणबुड्यांच्या मदतीने त्यातील सुमारे दीडशे खिळे वर काढण्यात आले. एका घरी खिळे आले ते वर्ष आणि दुसऱ्याने खिळे बुडवण्याचे काम संपवले ते वर्ष एकच, 1917, हा योगायोग होय. मात्र दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच आहे: या धातूवर हक्क कोणाचा?

मराठीत रिचमंडसारखा जेवणाच्या खोलीतील छापखाना का दिसत नाही? पैसा, धंद्याची जातीय व सामाजिक चौकट, वाचकवर्गाचा आकार ही कारणे आहेतच. परंतु एक कारण लिपीत आहे. इंग्रजीला दोन केसींत भागते. देवनागरीला स्वर, व्यंजने, अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, काना-मात्रा, रफार-रुकार असे काही शे वेगवेगळे खिळे लागतात. खण वाढतात, केसी वाढतात, जुळाऱ्याच्या हाताची ये-जा वाढते, आणि धातूचे वजनही. त्यामुळे मराठीच्या मुद्रणेतिहासात धातूला वळसा घालण्याची धडपड पुनःपुन्हा दिसते. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यात राशोल येथे छापले गेले ते रोमन लिपीत. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी 1831 साली मराठी पंचांग छापले ते शिळाछापाने. दगडावर हाताने लिहायचे असल्याने तेथे खणही नको आणि खिळाही नको.

धातूचा मार्ग ज्यांनी सरळ पत्करला त्यांना आधी खिळ्यांचाच धंदा उभारावा लागला. जावजी दादाजी (1839-1892) यांनी लहानपणी मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहॅम यांच्या हाताखाली खिळे घासण्याचे काम केले. 1864 मध्ये त्यांनी स्वतःची टाइप फाउंड्री काढली आणि 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना. आधी ओतशाळा, मग छापखाना, हा क्रम बोलका आहे. राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या निर्णयसागरच्या अक्षरांवर संस्कृत आणि मराठी ग्रंथांच्या किती पिढ्या वाढल्या, हे निराळे सांगायला नको.

लिपिसुधारणेच्या वादाकडेही या खणांच्या बाजूने पाहता येते. सावरकरांनी पुरस्कारलेली ‘अ’ची बाराखडी (अि, अी, अु, अू) आणि ती वापरणारे ‘किर्लोस्कर’चे जुने अंक आपण पाहिलेले असतात, विद्यार्थ्यांना ते लेखन विचित्र वाटते. वर्गात आपण तो प्रश्न राष्ट्रभावनेचा म्हणून शिकवतो. तो तसा होताच. पण इ, ई, उ, ऊ यांचे खण गाळता आले तर जुळाऱ्याचे श्रम आणि धातूचा खर्च वाचतो, हा हिशेबही त्यामागे होता. 1953 च्या लखनौ परिषदेने ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे नेण्याचा निर्णय केला आणि तो पुढे मागे घ्यावा लागला. तेथेही वाचकाचा डोळा एका बाजूला आणि यंत्राची सोय दुसऱ्या बाजूला होती. डोळा जिंकला.

1950 च्या दशकात दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ आणि त्यांच्या मित्रांनी ‘शब्द’ काढले ते चक्रमुद्रित. त्यानंतरच्या अनियतकालिकांपैकीही अनेकांनी सायक्लोस्टाइलचाच आधार घेतला. त्या धूसर पानांकडे आपण बंडखोरीची खूण म्हणून पाहतो. त्याबरोबर हेही पाहावे की, गणपत कृष्णाजींचा दगड आणि ‘शब्द’चे स्टेन्सिल यांच्यात सव्वाशे वर्षांचे अंतर असूनही युक्ती एकच आहे. ज्याच्या घरात खिळे मावत नाहीत, त्याने खिळ्यांवाचून छापायचे.

आता पुन्हा गॅरेजकडे. दर शनिवारी काही विद्यार्थी येतात आणि सांडलेल्या ढिगातून एकेक खिळा उचलून खणात टाकतात. शिशामुळे तेथे खाण्यापिण्यास बंदी आहे आणि जाताना हात साबणाने धुण्याची सक्ती आहे. कागदी चिठ्ठ्या गळून गेल्याने कोणता खण कोणाचा हे प्रारंभी कळत नव्हते. ते एका विद्यार्थिनीने शोधून काढले. एका खणाची लाकडी कड बोटांनी घासून घासून गुळगुळीत आणि खोलगट झाली होती. तिने सांगितले, हा कान्याचा असणार. खणाच्या कोपऱ्यात अडकलेल्या तीन खिळ्यांनी तिचे म्हणणे खरे ठरवले. मराठीत सर्वांत जास्त काय लागते, हे त्या लाकडावर कोणा अनाम जुळाऱ्याच्या बोटांनी नोंदवून ठेवले होते. भंगारवाल्याच्या भट्टीत गेले असते ते शिसे. पण वजनकाट्यावर न येणारी ही नोंदही त्याबरोबर गेली असती.

आमच्या रॅकवर आज सुमारे दीडशे किलो खिळे आहेत. सारेच्या सारे लावता आले, तरी वरच्या हिशेबाने पन्नास-पंचावन्न पानांपलीकडे मजल जाणार नाही. प्रत्यक्षात तेवढीही जाणार नाही, कारण काना संपला की काम थांबते. तरीही यंदा विद्यार्थ्यांच्या कवितांची आठ पाने जुळवावीत असा बेत आहे. ज्यांच्या गावात एखादा जुना छापखाना मिटण्याच्या वाटेवर असेल, त्यांनी भंगारवाल्याच्या आधी एकदा तेथे जाऊन यावे, आणि केसी घरी आणण्यापूर्वी रॅक तयार ठेवावी.