गोळ्यांनी केलं की आजारानं?

स्किझोफ्रेनियाचा जुना रुग्ण ज्या घरात असतो, तिथे एक वाक्य हमखास ऐकू येतं. "गोळ्यांनीच याचं असं झालं." तोंड सतत काहीतरी चघळल्यासारखं हलतंय, जीभ मधेच बाहेर येते, साध्या प्रश्नालाही उत्तर उशिरा. मग घरातलंच कुणीतरी वैतागून गोळ्या बंद करून टाकतं. वाक्य खोटं नाही हो, पण पुरतं खरंही नाही.

१९५२ साली पॅरिसच्या सँत-आन इस्पितळात दले आणि देनिकेर यांनी क्लोरप्रोमाझीन वापरलं (आपल्याकडचं लार्गॅक्टिल). वर्षानुवर्षं आरडाओरड करणारी माणसं शांत झाली, बोलू लागली. पण दोन-तीन वर्षांतच दिसलं की काहींचे हात कापतात, चेहरा पुतळ्यासारखा होतो, अगदी कंपवातासारखं. गंमत म्हणजे (गंमत कसली!) काही डॉक्टरांना ही औषध लागू पडल्याची खूण वाटायची. १९५७ मध्ये जर्मनीत श्यॉनेकर यांनी तोंडाच्या त्या विचित्र हालचालींची नोंद केली आणि १९६४ मध्ये डेन्मार्कच्या फॉरबाय यांनी त्यांना 'टार्डिव्ह डिस्कायनेशिया' म्हटलं. टार्डिव्ह म्हणजे उशिरा येणारा. औषध थांबवलं तरी तो बऱ्याचदा जात नाही. उलट एकदम थांबवलं तर आधी वाढतोच.

मग दोषी गोळ्याच? थांबा. क्रेपेलिन यांनी या आजाराला नाव दिलं होतं 'डिमेन्शिया प्रीकॉक्स', म्हणजे अकाली येणारी बुद्धीची घसरण. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, गोळ्यांच्या निदान पन्नास वर्षं आधी! चेहऱ्याच्या, बोटांच्या चमत्कारिक हालचालीही त्यांनी टिपल्या होत्या.

याचा पडताळा पाहायचा तर कधीच औषध न मिळालेले म्हातारे रुग्ण हवेत. युरोपात ते कुठून आणणार? ते सापडले तमिळनाडूत. चेन्नईच्या 'स्कार्फ' संस्थेच्या थारा आणि स्कॉटलंडचे मॅक्रीडी यांचा १९९६ चा अभ्यास सांगतो की गोळीचं तोंडही न पाहिलेल्यांमध्ये या हालचाली होत्याच. आपल्याकडच्या उपचारांच्या अभावाचा विज्ञानाला झालेला हा उपयोग. असो.

यानं गोळ्या निर्दोष सुटत नाहीत. जुन्या औषधांनी हा त्रास कितीतरी वाढवला, आणि कंप थांबवायला दिलेली पॅसिटेनसारखी गोळी स्मरणशक्ती आणखी मंद करते. म्हणजे आजारानं आधीच पोखरलेल्या डोक्यावर वर हा भार.

आणखी एक धागा आपल्या मातीतला. १९३१ मध्ये सेन आणि बोस यांनी सर्पगंधा मनोविकारांवर उपयोगी असल्याचं लिहिलं. तिच्यातलं रेसर्पिन मेंदूतला डोपामिनचा साठा रिकामा करतं. त्याच वाटेनं, पण बरंच सौम्यपणे काम करणाऱ्या व्हॅल्बेनाझिनला २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, ती नेमकी त्या तोंडाच्या हालचालींसाठी.