सेवाधर्माचे दाम्पत्य : कर्मवीर भाऊराव आणि सौ. लक्ष्मीबाई

भोर-वेल्ह्याच्या मुलखातून नीरा नदी ओलांडली की सातारा जिल्हा लागतो. कुंभोज येथे १८८७ साली जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील व त्यांच्या सहधर्मचारिणी लक्ष्मीबाई या जैन दाम्पत्याने त्याच जिल्ह्यास आपली कर्मभूमी मानले. १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. सर्व जातिधर्मांची मुले तेथे एका पंक्तीत जेवत. सोवळ्या-ओवळ्याच्या संस्कारांत वाढलेल्या लक्ष्मीबाईंना हे प्रारंभी जड गेले. परंतु पुढे त्याच मुलांच्या त्या माता झाल्या. मुलांच्या अन्नासाठी त्यांनी अंगावरचे दागिने दिले आणि अखेर मंगळसूत्रही काढून दिले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते वसतिगृहाचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. १९३० मध्ये लक्ष्मीबाई निवर्तल्या. संस्थेचा पुढील वटवृक्ष पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

अपरिग्रहाचे व्रत पुष्कळांच्या मुखी असते. या माउलीने ते स्वयंपाकघरात आचरले. परमुलखात आलेल्या कुटुंबास आपलेपण लाभते ते अशा सेवेतूनच. त्या पुण्यस्मृतीस विनम्र अभिवादन!