मोबाईलने दगड ओळखता येतो का? बुवापाड्यातल्या खडीपासून सुरुवात

अंबरनाथच्या बुवापाड्यात एका बांधकामासमोर खडीचा ढीग पडला होता. त्यातला भोकं असलेला एक काळा दगड उचलून मी दगड ओळखणाऱ्या एका ॲपने फोटो काढला. उत्तर आलं, 'उल्का'! खाली लगेच सबस्क्रिप्शनचं बटण. सोबतचा मित्र तर दगड विकायची जाहिरात टाकायला निघाला. त्याला कसाबसा थांबवला, कारण तो साधा बेसॉल्ट होता. उल्केत अशी बुडबुड्यांची भोकं सहसा नसतातच.

ॲप का चुकतं? ते फक्त फोटोतला रंग आणि पृष्ठभाग बघतं. दगडाचं वजन, कठीणपणा त्याला कळत नाही. त्यात दगड बाहेरून झिजलेला असतो, आणि झिजलेला बेसॉल्ट तपकिरी, कधी लालसरही दिसतो. म्हणून मोबाईल भिंगासारखा वापरा, नाव आपण ठरवूया.

दगडाची ताजी तुटलेली बाजू शोधा. खडीत ती आयतीच मिळते. पाण्याने ओली करा, उजेड तिरका येऊ द्या आणि मोजमापासाठी शेजारी एक नाणं ठेवा. स्वस्त फोनमधल्या 2 मेगापिक्सेलच्या मॅक्रो कॅमेऱ्याच्या नादी लागू नका. मुख्य कॅमेरा थोडा लांब धरून 2x झूम केलं की बहुतेकदा जास्त स्वच्छ फोटो येतो.

आता फोटोत कण बघा. अग्निज खडक म्हणजे वितळलेला शिलारस थंड होऊन बनलेला खडक. तो जमिनीखाली खोलवर सावकाश थंड झाला तर स्फटिकांना वाढायला वेळ मिळतो, आणि ते नुसत्या डोळ्यांनी दिसतात. ग्रॅनाइट असा बनतो. लाव्हा जमिनीवर येऊन पटकन थंड झाला तर कण इतके बारीक राहतात की दगड एकसंध काळपट वाटतो. तो बेसॉल्ट. लाव्हातला वायू बुडबुड्यांच्या रूपात अडकला की भोकं उरतात. पुढे त्यात पाणी झिरपून पांढरे झिओलाइट किंवा कॅल्साइट भरतं. काळ्या दगडात पांढरे ठिपके दिसतात, ते बऱ्याचदा हेच. (घरच्या ओट्याचा 'काळा ग्रॅनाइट' मात्र बऱ्याचदा ग्रॅनाइट नसतोच, तो गॅब्रो किंवा डोलेराइट असतो. दुकानातलं नाव आणि भूगोलाचं नाव वेगळं!)

आपल्याकडे बेसॉल्टच का? सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर जमिनीच्या भेगांतून लाव्हाचे थरावर थर पसरले. आजही त्यांनी सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर भाग व्यापलाय. अंबरनाथहून मलंगगडाकडे बघा, डोंगराला पायऱ्या पाडल्यासारख्या दिसतात. कठीण थर उभा राहतो, मऊ थर झिजतो. रस्त्यावर टाकतात तो मुरूमही कुजलेला बेसॉल्टच.

घरी दोन चाचण्या करता येतात. जुन्या स्पीकरमधलं चांगलं चुंबक दोऱ्याला बांधून दगडाजवळ न्या. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइटचे बारीक कण असतात, त्यामुळे ते किंचित ओढलं जातं. म्हणजेच 'चुंबक ओढलं, मग उल्काच' हे व्हिडिओवाल्यांचं गणित साफ चुकीचं. दुसरी चाचणी पांढऱ्या स्फटिकाची: काचेच्या जुन्या बाटलीवर घासा. ओरखडा उठला तर क्वार्ट्झ असू शकतो, नाही उठला तर झिओलाइट किंवा कॅल्साइट. मोबाईलच्या स्क्रीनवर अजिबात करून बघू नका!

एक सावधगिरी. कारखान्यांच्या भागात भट्टीतली मळीही काळी, भोकांची आणि चुंबकाला ओढणारी असते. ती काचेसारखी चमकत असेल किंवा भोकं फारच वेडीवाकडी असतील तर शंका घ्या.

चांगला बेसॉल्ट बघायचा असेल तर अंबरनाथच्या शिवमंदिरात जा. तिथला शिलालेख शके 982, म्हणजे इ.स. 1060 चा आहे. कोरीव काम याच काळ्या दगडात आहे. तिथे चुंबक, बाटली काही काढू नका, फक्त झूम करा.